टीप कुठे जाते आणि वेटरचा पगार कसा होतो

टीप किती ठेवायची, ती वेटरलाच मिळते का, की मालकाच्या गल्ल्यात जाते, हे आम्हाला काउंटरवर नेहमी विचारलं जातं. गर्दीत उत्तर धड देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी पगाराचं. आमच्याकडे वाढणारे, भाकरी थापणाऱ्या बायका, टेबल पुसणारे आणि मोरीवर भांडी घासणारे, सगळ्यांना महिन्याचा ठरलेला पगार आहे. हॉटेल-खानावळीच्या कामाला महाराष्ट्र सरकार किमान वेतन ठरवून देतं. त्यात मूळ वेतन असतं आणि वर विशेष भत्ता, जो महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल कामाचे दर वेगळे. टीप चांगली मिळते म्हणून या दरापेक्षा कमी पगार देण्याची सवलत मालकाला नाही. पगार ७ तारखेच्या आत होतो. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम गेलं, तर जादा तासांचे पैसे दुपटीने द्यावे लागतात. आमच्याकडे दोन वेळचं जेवण आणि चहा पगारातून कापत नाही. दिवाळीला किंवा गड्ड्याच्या यात्रेला घेतलेली उचल हप्त्याहप्त्याने वळती होते, एकदम नाही.

हातातून निसटून फुटलेला ग्लास किंवा बिल न देता निघून गेलेलं गिऱ्हाईक, याचा भुर्दंड वेटरच्या पगारावर टाकणं ही या धंद्यातली वाईट खोड आहे. आम्ही ते करत नाही.

पगार ठरलेला असणं किती गरजेचं आहे, ते आखाड संपला की कळतं. आखाडात मटण थाळीला टेबल मिळत नाही, टीपही भरपूर पडते. श्रावण लागला की संध्याकाळची निम्मी टेबलं रिकामी राहतात. घरभाडं आणि पोरांची फी मात्र श्रावण पाळत नाही.

अमेरिकेत असलेली मुलं सुट्टीला आली की बिलावर १५-२० टक्के टीप ठेवू पाहतात. तिथला हिशोब वेगळा आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं, फक्त टीप धरून ते ७.२५ डॉलरच्या खाली जाता कामा नये. २.१३ चा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सूट नाही, पण जिथे आहे तिथे टीप म्हणजे पगाराचाच भाग झाला. आपल्याकडे ती गिऱ्हाइकाची खुशी आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली एका आयकर प्रकरणात टीप हा मालकाने दिलेला पगार धरता येत नाही, असं म्हटलं आहे.

टीप कशी द्यावी

सगळ्यात जास्त गोंधळ क्यूआर कोडमुळे होतो. बिल ₹६३०, तुम्ही स्कॅन करून ₹६५० भरले आणि वेटरला सांगितलं, "वरचे वीस तुझे." पैसे गेले मालकाच्या चालू खात्यात. साउंडबॉक्स साडेसहाशे ओरडला, तो गर्दीत कुणी ऐकला नाही. रात्री गल्ला जुळवताना वीस रुपये जास्त दिसतात, पण ते कोणत्या टेबलाचे आणि कशाचे, हे कळायला मार्ग नसतो. वेटर मागायला संकोचतो आणि टीप हिशोबात विरून जाते.

म्हणून बिलाचे पैसे बिलाएवढेच भरा. टीप रोख द्यायची असेल तर वेटरच्या हातात द्या किंवा बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवा. बडीशेपेच्या ताटलीत ठेवू नका. ताटली उचलायला टेबल पुसणारा येतो, नाणी खडीसाखरेत मिसळतात, नोट रश्श्याच्या बोटांनी चिकट होते आणि टीप नेमकी कुणाला होती यावरून दोघांत कुरबुर होते. जवळ रोख नसेल तर काउंटरजवळ टीपच्या डब्यावर वेगळा क्यूआर लावला आहे. त्यावर भरलेल्या पैशांची नोंद वेगळी राहते आणि तेवढी रोख रात्री गल्ल्यातून डब्यात पडते.

वेटरच्या हातात दिलेली टीपही तो डब्यातच टाकतो. हे कामगारांनी आपसात ठरवलं आहे, कारण गरम भाकरी ताटात येते ती चुलीपाशी बसलेल्या बाईमुळे, आणि तिच्यापर्यंत गिऱ्हाईक पोचत नाही. वाटप हिश्श्याने होतं. वाढणाऱ्याला एक हिस्सा, बाकीच्यांना अर्धा. समजा डब्यात ₹९०० निघाले. वाढणारे चार म्हणजे चार हिस्से. भाकरीच्या दोघी, टेबल पुसणारा आणि मोरीवरचा मिळून दोन. एकूण सहा. एक हिस्सा ₹१५०, अर्धा ₹७५. डबा सगळ्यांसमोर उघडतो. मालकाचा आणि मॅनेजरचा त्यात हिस्सा नाही.

बिलावर काय असावं, काय नसावं

आमच्या बिलावर पदार्थांची रक्कम आणि ५ टक्के जीएसटी असतो, २.५ केंद्राचा आणि २.५ राज्याचा. सर्व्हिस चार्ज आम्ही लावत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलने तो बिलात आपोआप जोडू नये, दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे नियम कायम ठेवले. तो लावला की कर त्याच्यावरही चढतो: ₹६०० च्या जेवणाचं बिल ₹६३० व्हायचं, ते १० टक्के सर्व्हिस चार्ज धरून ₹६९३ होतं. कुठेही असा चार्ज दिसला तर काढायला सांगा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तुम्ही खुशीने दिलेल्या टीपवर जीएसटी नाही.

किती द्यावी याचा नियम नाही. चार माणसांच्या थाळ्यांना वीस, तीस, पन्नास, जे मनाला येईल ते. नुसता चहा-नाष्टा असेल तर काहीच नको. पंधरा-वीस जणांचा वाढदिवस तास-दोन तास चालला, भाकरी आणि रस्सा पुन्हा पुन्हा मागवला गेला, तर थोडं जास्त दिलेलं बरं, कारण तेवढा वेळ त्या वेटरला दुसरं टेबल मिळत नाही.

मटण निबर निघालं किंवा रस्सा खारट झाला म्हणून टीप कापू नका. ती चूक भटारखान्यातली असते. काउंटरला लगेच सांगा, ताट बदलून देऊ. वेटर उद्धट बोलला तर तेही आम्हालाच सांगा. टीप न ठेवता निघून गेलात तर आम्हाला काय चुकलं ते कळतच नाही.

सुट्टे नाहीत म्हणून कुणी सात-आठ रुपये परस्पर टीपमध्ये धरत असेल तर थांबवा आणि बाकी मागून घ्या. पार्सलवर टीप नको. ॲपवरून जेवण घेऊन येणारी मुलं आमच्या पगारावर नाहीत. त्यांना द्यायचं ते त्यांच्याच हातात किंवा ॲपमध्ये द्या, आमच्या डब्यातून त्यांच्यापर्यंत पोचत नाही.