वेब ॲप्लिकेशनच्या डिप्लॉयमेंटमधील दोषशोध

डेव्हलपरच्या लॅपटॉपवर नीट चालणारे वेब ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवताना किंवा चढवल्यावर बिघडले, तर बिघाडाचे ठिकाण आणि कारण शोधून तो दूर करण्याची कार्यपद्धती. ‘लोकलला चालतंय, प्रॉडला नाही’ (लोकल म्हणजे स्वतःचा लॅपटॉप, प्रॉड म्हणजे प्रत्यक्ष वापरातला सर्व्हर) हे वाक्य कुठल्याही सॉफ्टवेअर ऑफिसात कानावर पडते आणि निदानाची सुरुवातही त्यातच आहे. कोड दोन्हीकडे तोच असेल, तर फरक भोवतालात असतो. ऑपरेटिंग सिस्टीम, लायब्ररींच्या आवृत्त्या, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडबाहेर ठेवलेल्या किमती), पोर्ट (ॲप ज्या क्रमांकावर विनंत्या ऐकते तो), फाइलींच्या परवानग्या, टाइमझोन, फॉन्ट, मधला प्रॉक्सी (विनंत्या पुढे पाठवणारा सर्व्हर) यांतले काहीतरी जुळत नसते. म्हणून कोड उघडून बसण्याआधी ‘इथे आणि तिथे काय वेगळे आहे’ आणि ‘शेवटचे काय बदलले’ हे दोन प्रश्न विचारलेले बरे. मात्र त्रुटी जिथे दिसते तिथेच तिचे मूळ असेल असे नाही, आणि एररचा मजकूर पुष्कळदा भलतीकडेच बोट दाखवतो.

बिल्ड (कोड चालवण्याजोग्या रूपात तयार करण्याची पायरी) : सर्वांत साधा आणि तरीही तास-दोन तास खाणारा दोष फाइलीच्या नावाचा. रोमन लिपीतले लहान आणि मोठे अक्षर विंडोज आणि मॅकओएस एरवी एकच मानतात. लिनक्स मानत नाही. फाइल लहान अक्षराने सुरू होते, इम्पोर्टमध्ये (ती फाइल मागवणाऱ्या ओळीत) मोठे अक्षर पडलेले असते. लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते आणि लिनक्सवरचा बिल्ड ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ म्हणून थांबतो. वर आणखी एक गंमत अशी, की फक्त अक्षराचा आकार बदलून फाइलचे नाव दुरुस्त केले, तर अशा मशीनवर गिटला (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) तो बदल दिसतच नाही. नाव गिटच्याच ‘एमव्ही’ कमांडने बदलावे लागते.

दुसरा मोठा वर्ग परक्या पॅकेजांवरच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवरच्या) अवलंबित्वाचा. २२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून काढून घेतले आणि बॅबेलसारख्या मोठ्या प्रकल्पांसह जगभरचे बिल्ड अडले. काही तासांत ते परत ठेवले गेले आणि पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियमही कडक झाले. लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी) रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवणे आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ (लॉक फाइलप्रमाणेच पॅकेजे बसवणारी कमांड) चालवणे, एवढ्याने आवृत्त्यांचे घोळ बरेच टळतात. रनटाइमची (कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्तीही बांधून ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा रनटाइम) १७ आले, त्यात ओपनएसएसएल ३ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी होती, आणि तिने एरवी न स्वीकारलेला एमडी४ हॅश वापरणाऱ्या जुन्या वेबपॅक या साधनाचे बिल्ड कोडची एकही ओळ न बदलता पडू लागले. ‘लेगसी प्रोव्हायडर’चा फ्लॅग लावला की बिल्ड पुढे सरकतो. तो तात्पुरता म्हणून लावला जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो.

बिल्ड काही न सांगता मध्येच संपला आणि एक्झिट कोड १३७ दिसला, तर सहसा मेमरी संपलेली असते. १२८ मध्ये ९ मिळवले की १३७ होतात. ९ हा प्रक्रिया सक्तीने मारण्याचा सिग्नल. एक जीबीच्या स्वस्त सर्व्हरवर फ्रंटएंड (ब्राउझरात चालणारा भाग) बिल्ड करू पाहणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल : पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता, एपीआय की असल्या गोष्टी कोडबाहेर ठेवाव्यात, हा दंडक हेरोकू या होस्टिंग कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या नियमावलीमुळे रूढ झाला. दंडक चांगलाच आहे, पण त्यामुळे हे व्हेरिएबल ठेवणारी ‘.एन्व्ह’ फाइल गिटमध्ये नसते, आणि म्हणून सर्व्हरवरही नसते. याहून चकवणारी बाब फ्रंटएंडची. व्हीट (Vite) किंवा रिॲक्टच्या प्रकल्पात हे व्हेरिएबल बिल्डच्या वेळीच जावास्क्रिप्टमध्ये लिहिले जाते. सर्व्हरवर किंमत बदलली, सर्व्हर दहा वेळा रीस्टार्ट केला, तरी ब्राउझर जुन्याच पत्त्याकडे जातो. पुन्हा बिल्ड केल्याशिवाय फरक पडत नाही.

विनंतीचा मार्ग : ब्राउझर, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा), टीएलएस (जोडणीचे एन्क्रिप्शन), प्रॉक्सी, ॲप्लिकेशन, डेटाबेस ही साखळी कुठे तुटली, हे एकेक कडी तपासूनच कळते. ५०० आकड्याच्या पुढचे सगळे स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तराचे क्रमांक) एकाच माळेतले समजले जातात, पण ५०२ म्हणजे प्रॉक्सीला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळाले नाही, ५०४ म्हणजे वेळेत मिळाले नाही, आणि ५०३ म्हणजे सेवा सध्या घेता येत नाही.

५०२ चे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. समोर एनजिनएक्स हा प्रॉक्सी आणि मागे तीन हजार क्रमांकाच्या पोर्टवर नोडचे ॲप आहे. ब्राउझरवर ‘बॅड गेटवे’ झळकते आणि बहुतेक जण एनजिनएक्स रीस्टार्ट करतात. त्याचा उपयोग सहसा होत नाही, कारण एनजिनएक्स जिवंत आहे म्हणूनच ते पान दिसते आहे. त्याच्या एरर लॉगमधली शेवटची ओळ वाचावी. तिथे १११ आकडा असेल, तर त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही: ॲप पडले आहे किंवा दुसऱ्याच पोर्टवर आहे. १३ असेल, तर परवानगी नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर हे एसईलिनक्सचे (तिथल्या सुरक्षा यंत्रणेचे) काम असू शकते. २ असेल, तर सॉकेटची (ॲपशी बोलण्यासाठीची) फाइलच जागेवर नाही. ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली, आणि तेव्हा ब्राउझरला ५०२ ऐवजी ५०४ दिसतो. त्याच सर्व्हरवरून कर्लने (विनंती पाठवणाऱ्या कमांडने) थेट ॲपला विनंती पाठवली की प्रॉक्सी दोषी की ॲप, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. डॉकरमध्ये (ॲप कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारे साधन) यात एक भर पडते. कंटेनरमधले ॲप १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर ते फक्त स्वतःचेच ऐकते. बाहेरच्याला पोचायचे, तर ०.०.०.० वर ऐकावे लागते.

एनजिनएक्सच्या मूळ मर्यादाही माहीत हव्यात. विनंतीचा मजकूर १ एमबीपेक्षा मोठा असेल, तर तो ४१३ देऊन परत पाठवतो. चाचणीत सगळे बारक्या चित्रांवर भागवतात. खरा वापरकर्ता मोबाइलने काढलेला सातबाऱ्याचा फोटो चढवतो आणि फॉर्म अडतो. मागच्या सर्व्हरसाठी थांबण्याची मर्यादा ६० सेकंदांची. ५०४ आला की ती ३०० करण्याचा मोह होतो, पण साठ सेकंदांत न संपणारी क्वेरी बहुधा इंडेक्स नसल्यामुळे रेंगाळते, आणि मर्यादा वाढवून फक्त रांग वाढते. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये १०० जोडण्या घेतो. दहावी-बारावीच्या निकालासारख्या दिवशी, सगळे एकाच मिनिटाला येतात तेव्हा, ही संख्या क्षणात संपते. तिथे पूलर (थोड्या जोडण्या वाटून वापरणारा) किंवा कॅशे (तयार उत्तरांचा साठा) लागते. नुसता मोठा सर्व्हर पुरत नाही.

‘कॉर्स एरर’ हा दिशाभुलीचा नमुना म्हणावा असा प्रकार. दुसऱ्या ओरिजिनवरून (वेगळ्या पत्त्यावरून) आलेले उत्तर पानाच्या स्क्रिप्टला द्यायचे की नाही, हे ब्राउझर सर्व्हरच्या हेडरवरून ठरवतो. पोस्टमन (विनंत्या पाठवून पाहण्याचे साधन) किंवा कर्ल हे बंधन पाळत नाहीत, म्हणून ‘पोस्टमनला तर चालतंय’ या युक्तिवादाला अर्थ नसतो. खरा चकवा पुढे आहे. सर्व्हरवर अपवाद उडून ५०० चे उत्तर गेले, तर त्या उत्तराला पुष्कळदा कॉर्सचे हेडरच लागलेले नसतात. कन्सोल मग कॉर्सचीच तक्रार करतो आणि मूळ दोष, समजा डेटाबेसमधला हरवलेला कॉलम, सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून राहतो. नेटवर्क टॅबमधला स्टेटस कोड आधी पाहिला, तर कॉर्सच्या हेडरमध्ये सगळीकडे तारांकन (म्हणजे सर्वांना परवानगी) टाकून सुरक्षा सैल करण्याची वेळ येत नाही.

नवी आवृत्ती चढवल्यावर काहींनाच पांढरे पान दिसते, तेही असेच. त्यांच्या ब्राउझरने जुने मुख्य पान कॅशेत ठेवलेले असते. ते पान ज्या जावास्क्रिप्ट फाइली मागते त्या नव्या डिप्लॉयमेंटमध्ये पुसल्या गेलेल्या असतात. सर्व्हर सापडत नसलेल्या प्रत्येक पत्त्याला मुख्य पानच देत असेल, तर ब्राउझरला स्क्रिप्टऐवजी एचटीएमएल मिळते आणि कन्सोलवर ‘<’ हे चिन्ह अनपेक्षित असल्याची तक्रार येते. मुख्य पान कॅशे होऊ न देणे आणि आधीच्या आवृत्तीच्या फाइली काही दिवस राहू देणे, हा उपाय.

टीएलएस प्रमाणपत्रांचे थोडक्यात : मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची राहिली आहेत आणि नूतनीकरण आपोआप होते, म्हणूनच ते बंद पडलेले कळत नाही. कधी फायरवॉलने पोर्ट ८० बंद केलेले असते, कधी प्रमाणपत्र नवे येऊनही एनजिनएक्स रीलोड न झाल्याने जुनेच वापरात राहते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा जुन्या ओपनएसएसएलवर चालणाऱ्या अनेक यंत्रणा स्वतःचा काही दोष नसताना बंद पडल्या.

देवनागरी मजकूर : मराठी मजकूर बिघडला की ‘फॉन्टचा प्रॉब्लेम’ म्हणून मोकळे होतात, पण लक्षणे निरनिराळी आणि कारणेही निरनिराळी. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली असतील, तर डेटाबेसच्या कॉलमला किंवा जोडणीला देवनागरी ठाऊकच नव्हती आणि मजकूर लिहितानाच नष्ट झाला. तो परत मिळत नाही. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाचे चिन्ह अशी जोडी दर अक्षराला येत असेल, तर मजकूर शाबूत आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते, आणि कोणीतरी ते बाइट सुटे सुटे वाचत आहे. स्क्रीनवर मराठी ठीक पण पीडीएफमध्ये नुसते चौकोन आले, तर सर्व्हरवर फॉन्ट नाही. छोट्या कंटेनर इमेजमध्ये तो सहसा नसतोच. नोटो सॅन्स देवनागरी घातला की भागते. आणि चौकोनही नाहीत, अक्षरेही आहेत, पण ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसली आहे, ‘मुख्य’चा ‘मुख्‌य’ झाला आहे, तर फॉन्ट असूनही अक्षरजुळणी करणारे इंजिन नाही. पीडीएफच्या कित्येक लायब्ररी हार्फबझसारखे इंजिन वापरत नाहीत. तिथे पान हेडलेस (खिडकीशिवाय चालणाऱ्या) ब्राउझरने छापणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधला ‘यूटीएफ८’ हा प्रकार प्रत्यक्षात दर चिन्हाला तीनच बाइट साठवत आला आहे. मराठी त्यात पूर्ण मावते, म्हणून साइट महिनोन्‌महिने चालते आणि एके दिवशी कोणीतरी हात जोडलेला इमोजी टाकतो. इमोजीला चार बाइट लागतात. कडक सेटिंग असेल, तर नोंद नाकारली जाते. नसेल, तर इमोजीपासून पुढचा मजकूर गुपचूप कापला जातो. २०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत ‘यूटीएफ८एमबी४’ आले, ते वापरावे. शोधातही असाच एक खड्डा आहे. ‘सुऱ्या’मधला ‘ऱ्य’ दोन रीतींनी टाइप होतो, एकात ‘ऱ’ आणि दुसऱ्यात ‘र’ला जोडलेले अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखे, शोधाला वेगळे. आणि युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशनही हा फरक मिटवत नाही.

वेळ : सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात, भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. १५ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीत १४ ऑगस्टची संध्याकाळ साडेसहाची. म्हणून जन्मतारीख वेळेसकट साठवली, की सर्व्हरवर बनलेल्या दाखल्यात ती एक दिवस मागे जाते. रात्री बाराचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) पहाटे साडेपाचला चालतो. डेव्हलपरचा लॅपटॉप भारतीय वेळेवर असल्याने त्याला यातले काहीच दिसत नाही. जन्मतारखेला वेळ नसतेच. ती नुसती तारीख म्हणूनच साठवावी.

मागे फिरणे : कारण सापडेपर्यंत सेवा बंद ठेवण्याऐवजी आधी रोलबॅक करणे, म्हणजे जुनी आवृत्ती परत आणणे, शहाणपणाचे. कुठल्या कमिटने (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाने) बिघडवले ते ‘गिट बायसेक्ट’ अर्ध्या-अर्ध्याने शोधते. हजार कमिटमध्ये साधारण दहा फेऱ्या लागतात. घाईतल्या दुरुस्तीची किंमत ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने मोजली. रेप्लिकेशन (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवणे) सुरळीत करताना मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरल्यावर हात थांबला. बॅकअप आवृत्त्या न जुळल्याने कधीपासून फसत होते, आणि तशी सूचना देणारे ईमेलही परत फिरत होते. सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून सेवा उभी राहिली. कंपनीने सगळा तपशील जाहीर केला आणि पुनर्स्थापनेचे काम यूट्यूबवर थेट दाखवले.

रोलबॅकने कोड मागे जातो, डेटाबेस जात नाही. नव्या आवृत्तीने कॉलमचे नाव बदलले असेल, तर परत आणलेला जुना कोड त्या जुन्या नावालाच अडतो. शिवाय सर्व्हर एकेक करून बदलताना काही मिनिटे दोन्ही आवृत्त्या एकाच डेटाबेसवर चालतात. त्यामुळे नाव एका झटक्यात बदलत नाहीत: आधी नवा कॉलम जोडतात, कोड दोन्हींत लिहू लागतो, जुना डेटा नव्या कॉलममध्ये भरून घेतात, वाचन नव्याकडे वळवतात, आणि जुना कॉलम त्यानंतरच्या एखाद्या रिलीजमध्ये काढतात.