आकाशदर्शनाच्या रात्री आल्या कुठून?

दिवाळी उलटली की अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी कर्जत लोकलमध्ये एक वेगळीच गर्दी दिसते. खांद्यावर सतरंज्या, हातात कानटोप्या, आणि कुणाकडे तरी चादरीत गुंडाळलेली लांबलचक नळी. ही मंडळी वांगणीला उतरतात, रात्रभर मोकळ्या जागेत आकाश बघतात आणि पहाटेच्या गाडीनं घरी परततात. आता हे इतकं सवयीचं झालंय की ही प्रथा कधी आणि का पडली, हे कुणी विचारत नाही.

आकाशाची हौस आपल्याकडे जुनीच. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकातच सामान्य मराठी वाचकासाठी ताऱ्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. शास्त्राच्या पुस्तकाच्या नावात ‘मौज’ घालायला धाडस लागतं. पण ही मौज अंगणात, एकट्यानं किंवा घरच्यांबरोबर करायची होती. दुर्बिणी होत्या त्या सरकारी आणि संस्थानी. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1888 साली वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला ती चालवत. तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळी देशात सगळ्यात मोठी होती. 1912 साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण गेली कोडाईकॅनालला.

आकाशासाठी माणसांनी लांबून येऊन मुक्काम ठोकल्याचं इथलं ठळक उदाहरण म्हणजे 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण. सावलीचा पट्टा कोकणातून थेट वऱ्हाडाकडे गेला. जानेवारी म्हणजे निरभ्र आकाश, आणि रेल्वे तर बरोबर पट्ट्यातून धावणारी! जेऊरला नायगमवाला होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही होते. वऱ्हाडातल्या तळणीला इंग्लंडहून आलेले हौशी निरीक्षक उतरले होते. त्यांच्यातल्या अ‍ॅनी माँडर यांनी प्रभामंडलाचा, म्हणजे झाकलेल्या सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा, दूरवर गेलेला झोत फोटोत पकडला. विजयदुर्गला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आले होते, आणि त्यांच्या मदतीला ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी.

विजयदुर्गाबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी. लॉकियरनी 1868 साली या किल्ल्यावरून ग्रहणाचे वेध घेताना सूर्यावरचा हेलियम वायू शोधला, असं दरवर्षी 18 ऑगस्टला कुठे ना कुठे छापून येतं. त्या तारखेला ग्रहण झालं होतं हे खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. गुंटूरला वेध घेत होते ते फ्रान्सचे जान्सेन. लॉकियर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी. किल्ल्यावर ‘साहेबांचे ओटे’ दाखवतात, तिथे जरूर उभं राहावं, मात्र तारीख 1898 ची धरून.

पुढची पायरी पुण्यातली. 22 ऑगस्ट 1944 रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलनिरीक्षकांची देशातली ही सगळ्यात जुनी संस्था मानली जाते. टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवरून तिच्या दुर्बिणीतून पुणेकरांच्या पिढ्यांनी शनीची कडी पाहिली. तेव्हा गच्ची पुरत होती, कारण शहर अजून तेवढं उजळलं नव्हतं.

लोकांच्या मनातली भीती मात्र सहजासहजी गेली नाही. 16 फेब्रुवारी 1980 चं खग्रास ग्रहण कर्नाटकातल्या अंकोल्याजवळून देशात शिरलं आणि भर दुपारी अनेक शहरांतले रस्ते ओस पडले. दारं-खिडक्या लावून बसलेल्या याच समाजात पाच-सहा वर्षांनी लोक धूमकेतू बघायला थंडीत घराबाहेर पडले. हा फरक हॅलेच्या धूमकेतूनं घडवला.

गंमत अशी की 1986 चं हॅलेचं दर्शन अगदी यथातथाच होतं. 9 फेब्रुवारीला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता, पण पृथ्वी नेमकी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला. मुंबईच्या उजेडात तो दिसणं कठीण, म्हणजे शहराबाहेर काळोखात जाणं आलं. माझ्या मते रात्रभराच्या सहलीचा उगम इथेच आहे: पाहुणा तेजस्वी असता तर सगळ्यांनी तो गच्चीवरूनच पाहिला असता. याच लाटेत 1985 साली मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं आणि वांगणीचं नाव पुढे याच मंडळामुळे घरोघरी पोचलं.

त्यानंतर पाहुण्यांची रांगच लागली. 1995 च्या ऑक्टोबरातलं ग्रहण दूरदर्शननं थेट दाखवलं, 1996 ला ह्याकुताके धूमकेतू आला, 1997 ला हेल-बॉप धूमकेतू तर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. ऑगस्ट 2003 मध्ये मंगळ 5.6 कोटी किलोमीटरपर्यंत जवळ आला, तेव्हा दुर्बिणीपुढे रांगा लागल्या. ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप त्याचंच पिल्लू. अजूनही ऑगस्टात तो कुणीतरी पुढे ढकलतंच.

कार्यक्रमाचा साचा या वर्षांत पक्का झाला. पावसाळा गेल्यावर हंगाम सुरू. चंद्र नको म्हणून अमावस्या, नोकरदारांसाठी शनिवार. जानेवारीत संध्याकाळी पश्चिमेकडे झुकण्याआधी देवयानी दीर्घिका दाखवून घ्यायची, मग कृत्तिका, रोहिणी, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ. मध्यरात्री चहा आणि माथ्याकडे चढणारी मघा. पहाटे पूर्वेला ज्येष्ठा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावायचा, कारण काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत एका क्षणात ती कमाई घालवतो. मार्चअखेरीस एका रात्रीत फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए याच्या यादीतल्या 110 वस्तू (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) शोधायची शर्यतही लागते. तंबू, गाणी आणि जेवणासह विकले जाणारे हल्लीचे ‘स्टारगेझिंग कॅम्प’ बरेचदा चंद्र असलेल्या उजळ रात्रीही भरतात. त्यांत जेवण चांगलं असतं.

काळोख मात्र हटतच राहिला. बदलापूर वाढलं, नेरळ वाढलं, आणि वांगणीच्या क्षितिजावर उजेडाची साय धरली. त्यामुळे अलीकडची महत्त्वाची घडामोड दुर्बिणींची नसून दिव्यांची आहे. लडाखमध्ये हानले परिसर 2022 च्या अखेरीस काळोख्या आकाशासाठी राखीव घोषित झाला. जानेवारी 2024 मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया अशा गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांचा उजेड खाली जमिनीकडे वळवण्यात आला. वांगणीत असं करायचं तर आधी बदलापूरला तयार करावं लागेल.