पॅच टिकला, शेजार पडला

मे महिना लागला की मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये एक तक्रार ठरलेली असते. सर्वांत वरच्या मजल्यावरचे काका उठतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हॉलच्या छताचे पोपडे पडले, सळ्या दिसू लागल्या, सोसायटीने पैसे खर्चून पॅच मारून घेतला आणि आता पुन्हा तेच. कंत्राटदाराने सिमेंट खाल्लं, असा निकाल जागच्या जागी लागतो. कधी कधी तो खराही असतो. पण पुढच्या वेळी स्टुलावर चढून नीट बघा. पुष्कळदा पॅच शाबूत असतो. पडलेलं असतं ते त्याच्या कडेचं, वीतभर पलीकडचं जुनं काँक्रीट. चांगला मारलेला पॅचच शेजारच्या सळीला गंजायला लावू शकतो. हे कसं घडतं ते समजलं की छताच्या दुरुस्तीचं अर्धं शास्त्र समजतं.

आधी थोडी उजळणी. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो, हे शाळेत शिकलो. मग ओलं काँक्रीट ओतताना त्यातल्या सळ्या का गंजत नाहीत? कारण काँक्रीट कमालीचं अल्कधर्मी असतं. त्याच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच 12.5 ते 13 असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळीवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट थर बसतो आणि पुढचं गंजणं जवळजवळ थांबतं. सळीचं खरं संरक्षण हा थर करतो. काँक्रीटची जाडी त्या थराची राखण करते, एवढंच.

तो थर दोन रीतींनी मोडतो. पहिली रीत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतो, कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि पीएच 9 च्या खाली उतरतो. ही आघाडी आत सरकते ती काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे 10 मिलिमीटर आत जायला 10 वर्षं लागली, तर 20 मिलिमीटरला 20 नव्हे, 40 वर्षं लागतात. उलटं वाचा: सळीखालचं कव्हर, म्हणजे सळी झाकणाऱ्या काँक्रीटची जाडी, निम्मं झालं की आयुष्य चौथाईवर येतं. स्लॅब भरताना ज्या भागात सळ्या उचलून धरणारे कव्हर ब्लॉक ठेवायचे राहिले आणि सळ्या शटरिंगवर, म्हणजे खालच्या साच्याच्या फळ्यांवर, टेकल्या, तिथेच पोपडा आधी का पडतो, त्याचं उत्तर या वर्गमुळात आहे. 1978 च्या भारतीय मानकात स्लॅबला किमान 15 मिलिमीटर कव्हर चालत होतं. 2000 च्या सुधारित मानकात समुद्रकाठच्या हवेला उघड्या काँक्रीटसाठी ते 45 झालं. आपल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारती कोणत्या हिशेबाने बांधल्या गेल्या, ते यावरून कळावं.

दुसरी रीत क्लोराइडची, म्हणजे मिठाची. ते खाऱ्या वाऱ्यातून येतं, किंवा खाडीची रेती न धुता वापरली असेल तर पहिल्या दिवसापासून आतच असतं. क्लोराइडला पीएच पाडायची गरज पडत नाही. संरक्षक थराला ते एखाद्या ठिकाणी भोक पाडतं आणि स्वतः खर्ची न पडता काम चालू ठेवतं.

आता मूळ मुद्दा. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. स्लॅबमधली सळी एकसंध असते, पण तिचा सगळा भाग एकाच वेळी गंजत नाही. ज्या ठिकाणी थर मोडला, तिथे लोहाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून विरघळतात. हा झाला ॲनोड. ते इलेक्ट्रॉन सळीतून शेजारच्या भागात जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड तयार करतात. हा कॅथोड. ओल्या काँक्रीटमधून आयन वाहतात आणि सर्किट पुरं होतं. आपल्या डोक्यावर चोवीस तास एक शॉर्ट केलेला सेल चालू असतो, आणि गंज हा लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागत असल्याने खालचं काँक्रीट ढकलून पाडतो.

गंमत कॅथोडकडे आहे. तिथे हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे अल्कधर्मीपणा वाढतो. क्लोराइड आयन ऋण भाराचे, ते ॲनोडकडे ओढले जातात, म्हणजे कॅथोडपाशी मीठ साचायला अडथळा होतो. शिवाय ॲनोडकडून येणारे इलेक्ट्रॉन शेजारच्या सळीचं विभव (विद्युत पातळी, व्होल्टमध्ये मोजतात ती) इतकं खाली धरून ठेवतात की तिथे क्लोराइड भरपूर असूनही ती विरघळू शकत नाही. घरात एकच भाऊ कर्जाचे हप्ते भरत असावा आणि बाकीच्यांना कर्ज आहे याचा पत्ताच नसावा, तसं हे आहे. आपण येतो, गंजलेला भाग फोडतो, सळी घासून चकचकीत करतो आणि ताजा, अल्कधर्मी, मीठ नसलेला मॉर्टर भरतो. हप्ते भरणारा भाऊ कामावरून उठला. शेजारची सळी मिठाच्याच काँक्रीटमध्ये आहे, फक्त आता तिला इलेक्ट्रॉन पुरवणारा कोणी नाही. ती ॲनोड होते. पॅचमधली नवी-कोरी सळी तिच्यासाठी कॅथोड म्हणून उभी राहते, म्हणजे आगीत तेल. पॅचभोवती कड्यासारखं काँक्रीट फुगतं ते यामुळे. पॅच जितका चोख, तितका हा खेळ जोरात चालू शकतो.

हे मोजता येतं. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हाफ-सेल चाचणी करतात: सळीला एक तार जोडायची, काँक्रीटच्या ओल्या पृष्ठभागावर तांबे-कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड टेकवायचा आणि विभव वाचायचं. उणे 350 मिलिव्होल्टपेक्षा आकडा अधिक ऋण आला तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. उणे 200 पेक्षा कमी ऋण असेल तर तो नसण्याची शक्यता तेवढीच. फूट-फूट अंतरावर आकडे घेऊन नकाशा काढला की पॅच कुठे थांबवायचा नाही, ते कळतं. याहून स्वस्त चाचणी फिनॉल्फ्थेलीनची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारा मारा. गुलाबी झालं तर ते अजून अल्कधर्मी आहे, रंग आला नाही तर संरक्षण संपलं. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम 353 ब प्रमाणे ऑडिट करावंच लागतं. तेव्हा या चाचण्या खरोखर झाल्या की फक्त फोटो काढले, एवढं सभासदांनी विचारावं.

दुरुस्ती करताना सळीच्या खालचंच नाही, मागचंही काँक्रीट बोट जाईल इतकं, साधारण 20-25 मिलिमीटर, काढावं लागतं आणि सळीची गंज नसलेली बाजू लागेपर्यंत पुढे फोडत जावं लागतं. हातोडीने ठोकत गेलं की बद्द आवाज येतो तो भाग गेलेलाच समजा. आधी टेकू लावा. गंजलेली सळी कापून फेकू देऊ नका. स्लॅबच्या खालच्या अंगाचा ताण तीच घेते. बारीक झाली असेल तर जोडीला नवी सळी टाकायची. मग पॉलिमर मॉर्टर थरांनी, आणि त्याला पाणी मारणं. मीठ फार असेल तर पॅचच्या कडेला सळीला जस्ताचा तुकडा बांधतात. आता हप्ते तो भरतो, संपेपर्यंत. युक्ती जुनी आहे. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त-लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबवली होती. (थांबली खरी, पण विरघळत्या तांब्याच्या विषाने दूर राहणारे शिंपले मग बिनघोर चिकटले आणि जहाजं मंदावली, तो भाग वेगळा.) पीओपीचं फॉल्स सीलिंग म्हणजे दुरुस्ती नव्हे. ते फक्त पोपडा पडेपर्यंत पोपडा झाकतं.

आणि हे सगळं गच्चीवरचं पाणी बंद झाल्यावर. कारण सर्किट पुरं होतं ते ओलीमुळे. काँक्रीट वाळलं की त्याचा विद्युत-रोध वाढतो आणि गंज मंदावतो, पीएच उतरलेला असला तरी. परवानगी काढून घातलेली पत्र्याची शेड दिसायला गचाळ, पण शास्त्राला धरून आहे. वरून रंगासारख्या फासायच्या 'नॅनो' कोटिंगची गॅरंटी वाचताना एवढं लक्षात ठेवा की 10 मीटरचा स्लॅब तापमानात 20 अंशांचा फरक पडला की सुमारे 2 मिलिमीटर लांबतो-आखडतो. भेगा रोज उघडतात आणि मिटतात, कडक थर त्यांच्याबरोबर फाटतो. पाणी बहुतेकदा मधून शिरत नाही. ते पॅरापेटच्या वाट्यातून, म्हणजे कठडा आणि गच्ची जुळतात तिथल्या गोलाईतून, किंवा रेनवॉटर पाइपच्या तोंडापाशी शिरतं. ईशान्येला गळतं म्हणजे लक्ष्मी वाहून जाते, असं सांगून पिरॅमिड विकणारे वास्तुतज्ज्ञ भेटतात. ईशान्येला गळतंय, कारण पाइपचं तोंड त्या कोपऱ्यात आहे. गच्चीत तीन दिवस पाणी साठवून बघा, पिरॅमिडचा खर्च वाचेल.

गच्चीवर पाणी अडवायला घातलेल्या जुन्या कोब्यावर नवा कोबा तर मुळीच नको. विटांच्या तुकड्यांचा 12 सेंटिमीटरचा कोबा चौरस मीटरला जवळपास 240 किलो भरतो. वापरातल्या गच्चीसाठी माणसं आणि सामान मिळून जो चलभार मानकात धरतात, तो 150 किलोच्या आसपास आहे. जुना काढूनच नवा टाकायचा, ढाळ 100 ला 1 ठेवून, आणि काम पावसाळा संपल्यावर, स्लॅब वाळल्यावर. मेच्या मीटिंगमध्ये ठरवून जूनच्या आत उरकायच्या घाईत ओल आतच कोंडली जाते.

सळ्यांची जाडी जागोजाग चौथाईने घटली असेल, तर पॅचच्या फंदात न पडता तेवढा स्लॅब तोडून नवा भरणं इंजिनिअर सुचवतील. ते महाग असलं तरी ऐकावं. आणि टेंडर काढताना फोडकामाचं क्षेत्रफळ आधीच बांधून देऊ नका, मोजून बिल द्या. काँक्रीट किती गेलंय हे फोडल्यावरच कळतं, आणि बांधलेल्या रकमेत कोणताही कंत्राटदार चांगल्या सळीपर्यंत फोडत जाणार नाही.