बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे वाचा

रात्री व्यवस्थित उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ मारत नाही. शेजारच्या गाडीवरून केबल लावून सुरू करायची, की चार दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी ग्राहक दुकानात आल्याआल्या म्हणतात, "नवी बॅटरी टाका." आम्ही बॅटरी विकतो, तरीही आमचा आग्रह असतो की आधी तपासू द्या. गाडीत कुठे करंट गळत असेल किंवा डायनामो चार्ज करत नसेल, तर नवी बॅटरीही तशीच उतरणार आणि तुमचे पैसे वाया जाणार.

पहिली तपासणी घरीही होते. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर रीडिंग घ्या. १२.६ च्या आसपास आले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली असेल तर जवळपास रिकामी. मग गाडी सुरू करून पुन्हा पाहा. साधारण १३.८ ते १४.५ यायला हवे. सुरू गाडीतही १२.५ च्याच आसपास काटा राहिला तर दोष चार्जिंगचा आहे: बेल्ट सैल, डायनामो खराब किंवा वायर सुटलेली. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे आकडा थोडा वर-खाली होतो, त्याने घाबरू नका.

सुरू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनामो तपासायची जुनी पद्धत मात्र कुणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळते आणि ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जाऊ शकतो. त्यापुढे बॅटरीचा खर्च काहीच नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर जमली असेल तर आधी वजा, मग अधिक वायर काढा. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, कोरडे करा, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीन लावा. जोडताना अधिक आधी, वजा शेवटी. पुष्कळ गाड्या एवढ्यावरच सुरळीत होतात.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगले, तरी उतरते?

मग गाडी बंद असताना कुणीतरी करंट खात आहे. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यांना थोडा करंट लागतोच. २० ते ५० मिलिअँपिअर हे सामान्य समजा. हिशोब करून पाहा. ३५ अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीतून सतत ३० मिलिअँपिअर गेले, तर महिन्याभरात सुमारे २२ अँपिअर-अवर संपतात. मुलगा पुण्याला नोकरीला आणि गाडी दारात महिनाभर उभी, अशा घरांत बॅटरी का बसते ते इथे कळेल. त्या गाडीत बिघाड काहीच नसतो. पण गळती ३०० मिलिअँपिअर असेल तर तीच बॅटरी चार-पाच दिवसांतच संपते.

ही गळती आम्ही वजा वायरीत मीटर लावून मोजतो. गाडी लॉक केल्यावर आतले संगणक झोपायला वेळ घेतात, त्यामुळे अर्धा-पाऊण तास थांबावेच लागते. लगेच घेतलेले रीडिंग फसवे असते. नंतर एकेक फ्यूज काढत जायचे. जो फ्यूज काढल्यावर मीटरवरचा करंट कमी होतो, त्या लाईनवर चोर सापडतो. नेहमीचे संशयित म्हणजे बाहेरून बसवलेला अँड्रॉइड प्लेअर, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, न विझणारा डिकीचा दिवा, चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच). फ्यूज काढूनही करंट हलला नाही तर डायनामोचा डायोड, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारा भाग, तपासतो. घरी हा प्रयोग करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

सोलापूरचे ऊन

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि बॉनेटखाली त्याहून जास्त तापते. उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते, प्लेटा लवकर झिजतात. उन्हाळ्यात झालेले नुकसान बरेचदा डिसेंबरच्या थंड सकाळी उघडकीस येते. बॅटरीला झाकणे असतील तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी पाहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचे किंवा आरओचे पाणी नको, अ‍ॅसिड तर मुळीच नको. गाडी सावलीत लावा. नवी पेठेपर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणे एवढाच वापर असेल, तर आठवड्यातून एकदा अक्कलकोट किंवा तुळजापूरच्या रस्त्याला चांगली पाऊण-एक तास चालवा.

पूर्ण बसलेली बॅटरी नुसती गाडी फिरवून भरत नाही. ती चार्जरवर सावकाश भरावी लागते. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. वारंवार तळाला गेलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि ती पूर्वीइतका चार्ज धरत नाही. लोड टेस्टमध्ये, म्हणजे भार टाकून घेतलेल्या तपासणीत, ती नापास झाली, तर बदला असे आम्हीच सांगू. गाडी सिग्नलला आपोआप बंद होणारी असेल तर तिला साधी बॅटरी चालत नाही, वारंवार सुरू-बंद सोसणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते.

येताना वॉरंटी कार्ड आणा, आणि बाहेरून काय काय बसवले आहे ते सांगा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात शिसे आणि अ‍ॅसिड असते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती रीतसर पुनर्वापराला जायला हवी. आमच्याकडे दिल्यास तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होते.