लोखंडी सांगाड्याला आगरोधक लेप: फायर एनओसीसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

तात्पुरत्या फायर एनओसीच्या (बांधकामाआधी अग्निशमन विभाग देतो त्या ना-हरकत दाखल्याच्या) अटी वाचताना पंप, टाकी, स्प्रिंकलर, जिने यांच्या गर्दीत एक ओळ असते: उघड्या लोखंडी खांबांना आणि तुळयांना अमुक मिनिटांचं अग्निरोधन द्यावं. पंप आणि हायड्रंटचं काम जाणकार माणूस करतो, ही ओळ मात्र सरळ रंगाऱ्याकडे जाते. मग इमारत उभी राहते, हॉलचं बुकिंग सुरू होतं आणि अंतिम एनओसीच्या वेळी फाइल नेमकी इथे अडते. गोदाम, मंगल कार्यालय, शोरूम, लोखंडी पोटमाळा टाकलेलं दुकान, यांपैकी काहीही तुमचं असेल तर ही माहिती काम सुरू होण्याआधी वाचा. लेप एकदा रंगाखाली गेला की नंतर तो सिद्ध करणं फार अवघड जातं.

लोखंड जळत नाही, मग लेप कशाला, असं बरेच जण विचारतात. साधारण ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते. चाचणीच्या भट्टीत जी प्रमाणित आग धरतात, तिचं तापमान ५ मिनिटांत ५७६ अंशांवर आणि तासाभरात ९४५ अंशांवर जातं. उघडा खांब फार वेळ तग धरत नाही. इंट्युमेसंट लेप दिसतो साध्या रंगासारखा, पण सुमारे २०० अंशांच्या पुढे तो फुगू लागतो आणि मूळ जाडीच्या कितीतरी पट जाड, कोळशासारखा सच्छिद्र थर खांबाभोवती तयार करतो. आतल्या लोखंडाला त्यामुळे उशिरा ताप लागतो. लोकांना बाहेर पडायला आणि जवानांना आत शिरायला मिळणारा वेळ तो हाच.

कोणाला लागू, अर्ज कोणी करायचा

महाराष्ट्रात याचा आधार म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आणि त्याखालचे २००९ चे नियम. जबाबदारी विकासक, मालक किंवा भोगवटादाराची. भाड्याच्या गोदामात बसलेला व्यापारी ‘मालक बघेल’ म्हणून सुटत नाही आणि गृहनिर्माण संस्थेची समितीही ‘बिल्डरनं करून दिलंय’ म्हणून सुटत नाही. भाडेकरारात हे काम कोणाकडे आहे ते स्पष्ट लिहून घ्या.

अर्ज महापालिका हद्दीत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे आणि एमआयडीसी क्षेत्रात एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे जातो. जिथे असा अधिकारी नाही, तिथे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे चौकशी करा. शुल्क आणि पोर्टल ठिकाणानुसार बदलतं, त्यामुळे शेजारच्या शहरातला अनुभव जसाच्या तसा धरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या कायद्याखाली आग प्रतिबंधक उपाययोजनेचं काम फक्त संचालनालयाचा परवाना असलेली एजन्सी करू शकते. रंगारी कितीही हुशार असला तरी त्याच्या लेटरहेडवरचा ‘फायरप्रूफ पेंट मारला’ हा कागद चालत नाही. एजन्सीला काम देण्याआधी तिचा परवाना क्रमांक आणि परवान्याची मुदत दोन्ही तपासा. मुदत संपलेल्या परवान्यावर सही झालेलं प्रमाणपत्र म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

काम सुरू होण्याआधीचा कागद

एनओसीच्या अटीत मिनिटं लिहिलेली असतात. ती नसतील तर नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ मध्ये बांधकामाच्या प्रकारानुसार ती दिलेली आहेत. वास्तुविशारदाकडून लेखी घ्या. पण मिनिटं कळली म्हणजे लेपाची जाडी कळली असं नाही.

जाडी ठरते ती खांब किती सडपातळ आहे त्यावर. आगीला उघडा असलेला परीघ भागिले छेदाचं क्षेत्रफळ, हे गुणोत्तर काढतात. आयएसएमबी २०० ही तुळई (इंग्रजी ‘आय’ आकाराची, २०० मिलिमीटर उंचीची) चारही बाजूंनी उघडी असेल तर ते मीटरच्या हिशेबात सुमारे २४४ येतं, ४०० मिलिमीटर उंचीच्या आयएसएमबी ४०० ला सुमारे १७१. म्हणजे बारीक तुळई लवकर तापते आणि तिला लेप जास्त लागतो. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं: मोठ्या, नजरेत भरणाऱ्या खांबांवर दोन हात जास्त आणि वरच्या बारीक जोडांवर नुसता फवारा. उत्पादकाकडे प्रत्येक गुणोत्तरासाठी आणि मिनिटांसाठी जाडीचा तक्ता असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून प्रत्येक सेक्शनची यादी करून घ्या, तिच्यापुढे तक्त्यातली जाडी मायक्रॉनमध्ये लिहा आणि खाली सही घ्या. हा एक पानाचा कागद पुढची सगळी फाइल तोलून धरतो.

फाइलीत काय काय हवं

मंजूर नकाशा, मालकी हक्काचा उतारा किंवा भाडेकरार, तात्पुरती एनओसी, शुल्काची पावती, वास्तुविशारदाचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, ही नेहमीची मंडळी. लेपासाठी त्यात आणखी लागतं ते असं: मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल (रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत अशा चाचण्या होतात), उत्पादनाचं तांत्रिक पत्रक, वर सांगितलेली सेक्शनची यादी, बॅच क्रमांक असलेली खरेदीची बिलं, जाडी मोजल्याची नोंदवही, जाडीमापकाचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि टप्प्याटप्प्याचे फोटो. चाचणी अहवालावरचं उत्पादनाचं नाव आणि डब्यावरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. एकाच कंपनीचे दोन लेप वेगळे असतात आणि एकाचा अहवाल दुसऱ्याला लागत नाही.

बिलांवरून एक हिशेब तुम्ही घरबसल्या करू शकता. लेप वाळल्यावर त्यातला द्रव उडून जातो. पत्रकात घन भाग आकारमानानं ७० टक्के असेल तर १ मिलिमीटर वाळलेल्या थरासाठी चौरस मीटरला सुमारे १.४३ लिटर लागतो. १०० चौरस मीटर लोखंडाला १४३ लिटर झाले, तेही सांडलवंड न धरता. बिल ६० लिटरचं असेल तर जाडी भरलेलीच नाही, मग नोंदवहीत काहीही लिहिलेलं असो.

फोटोंच्या बाबतीत मी आग्रही आहे. साफ केलेलं लोखंड, प्रायमर, लेप, जाडीमापक टेकवलेला आकडा आणि शेवटचा रंग, या प्रत्येक टप्प्याचा फोटो खांबाच्या क्रमांकासह हवा. कारण सांगतो. एका मंगल कार्यालयात मी एका खांबावर नाण्याची कड घासून पाहिली. छातीच्या उंचीला रंगाखाली पांढरा, जाड लेप होता. शिडी लावून वर तेच केलं, तर रंगाखाली थेट तांबडा प्रायमर. माणसाचा हात पोचला तिथपर्यंत लेप आणि वर परांची लावायचा कंटाळा. खालून पाहणाऱ्याला दोन्हीकडे तोच चकचकीत राखाडी रंग दिसत होता. त्याच हॉलमध्ये लग्नाच्या दिवशी शेकडो माणसं जेवायला बसतात, हे आठवून आजही पोटात गोळा येतो.

अर्जापासून तपासणीपर्यंत

काम पूर्ण झालं की परवानाधारक एजन्सी नमुना ‘अ’ मध्ये पूर्ततेचं प्रमाणपत्र देते. ते आणि वरची फाइल जोडून अंतिम एनओसीचा अर्ज करायचा. भोगवटा प्रमाणपत्र त्याच्या पुढचं. प्रत्यक्ष पूर्तता नसताना प्रमाणपत्र देण्याची एजन्सीला कायद्यानं मनाई आहे, तेव्हा ‘सही आधी, काम नंतर’ अशी सोय कोणी देऊ केली तर तिथूनच परत फिरा. तपासणीच्या दिवशी शिडी, जाडीमापक आणि एजन्सीचा माणूस जागेवर हवा. छताची खोटी सीलिंग लावण्याआधीच वरच्या तुळया दाखवून घेता आल्या तर उत्तम.

फायर एनओसी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या सेवांमध्ये येते. अर्जाची पोच आणि टोकन क्रमांक घ्या. ठरलेल्या मुदतीत निर्णय नाही आला किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्रुटी निघाली तर ती लेखीच मागा, तोंडी निरोपावर धावपळ करू नका.

एनओसीनंतर

दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात नमुना ‘ब’ द्यावा लागतो: उपाययोजना सुस्थितीत आहेत, असं एजन्सीचं प्रमाणपत्र. एजन्सी पंप चालवून बघते, सिलिंडरची तारीख बघते आणि लेप तसाच राहून जातो. तिला खांबांपाशी तुम्हीच न्या. तडे, पोपडे, पाणी झिरपून आलेले फुगे, एसीच्या नळासाठी किंवा पंख्याच्या हुकासाठी खरवडलेली जागा, हे सगळं पाहून घ्या. दिवाळीआधी रंगकाम काढाल तेव्हा लेपाच्या उत्पादकाला कोणता रंग चालतो ते विचारा. त्याच्याशी न जुळणाऱ्या ऑइल पेंटचे थरावर थर चढले की आगीत लेपाला नीट फुगता येत नाही. पूर्तता टाळणाऱ्या इमारतीला नोटीस येते, वीज-पाणी तोडता येतं, इमारत सीलही होऊ शकते आणि कायद्यात शिक्षेची तरतूद आहे.

लाकूड आणि कापडाचं शास्त्र वेगळं. लाकडी पॅनेलिंगला लावायच्या लेपाचं काम ज्वाला पसरू न देणं, त्यामुळे तिथे मिनिटांऐवजी ज्वाला-प्रसाराचा वर्ग मागतात. वर्ग १ सर्वांत सुरक्षित, आणि वर्ग ४ चं साहित्य जिन्यात आणि मार्गिकेत चालत नाही. मंडपाच्या कापडासाठी भारतीय मानकातलं द्रावण वजनानं असं आहे: अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, टाकणखार १, बोरिक ॲसिड १, तुरटी २ आणि पाणी ३५ भाग. हे क्षार पाण्यात विरघळतात. कापड पावसात भिजलं किंवा धुतलं, की प्रक्रिया पुन्हा करावी लागते आणि प्रमाणपत्रही नव्या तारखेचं घ्यावं लागतं.