टेंबलाई टेकडी

टेंबलाई टेकडी : कोल्हापूर शहराच्या पूर्व अंगाची टेकडी. त्र्यंबोली देवीचे हे ठाणे. त्र्यंबुली आणि टेंबलाई ही देवीची प्रचलित नावे. अंबाबाई मंदिरापासून अंतर साधारण चार किलोमीटर. राजारामपुरी, टाकाळा मागे पडले की चढ लागतो आणि गाडी वरपर्यंत जाते. गड चढणाऱ्यांना ही टेकडी किरकोळ वाटते. पाहुण्याला शहर दाखवायचे असेल तर मात्र कोल्हापूरकर आधी इथेच आणतो, आणि ते बरोबरच आहे. पन्हाळ्याहून किंवा जोतिबाच्या डोंगरावरून मुलूख मोठा दिसतो, पण त्यात कोल्हापूर एका कोपऱ्यात जाते. इथून घरे घरांसारखी दिसतात.

शहर पसरले आहे ते पश्चिमेला. समोर राजारामपुरीची छपरे आणि झाडी, त्यात १९०६ साली उभ्या राहिलेल्या शाहू मिलची चिमणी शोधावी. उत्तरेच्या बाजूने मिरजेकडून येणारा लोहमार्ग जातो. ही रेल्वे १८९१ मध्ये संस्थानाच्या काळात सुरू झाली. दक्षिणेकडचा मोकळा, हिरवा पट्टा शिवाजी विद्यापीठाचा (स्थापना १९६२). अंबाबाईचे शिखर उंच इमारतींच्या गर्दीत हरवते. ‘ते बघा’ म्हणणाऱ्याने बऱ्याचदा अंदाजानेच बोट केलेले असते. हवा स्वच्छ असेल तर वायव्येला पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर उठून दिसतात. अशी हवा मिळते ती पाऊस उघडल्यावर, आश्विनाच्या आसपास. पुढे थंडीत सकाळी धुके असते. सूर्य शहराच्या पाठीमागे मावळतो, त्यामुळे संध्याकाळी रंग चांगले आणि फोटो काळवंडलेले. इमारती नीट टिपायच्या तर सकाळीच यावे. गर्दी अर्थातच संध्याकाळी. दर्शन, कड्यालगत फेरी, मग भेळ, हा क्रम ठरलेला. माथ्यावर भव्य गणेशमूर्तीही आहे.

गंमत अशी की ज्या टेकडीवर लोक शहर पाहायला येतात, तिथली देवी शहराकडे पाठ करून बसली आहे. कथा अशी : कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने योगदंडाच्या बळावर देवांची मेंढरे केली. त्र्यंबोलीने त्याला मारून सगळ्यांना सोडवले. विजयाच्या सोहळ्याला मात्र अंबाबाई तिलाच बोलवायला विसरली. रुसलेली त्र्यंबोली या टेकडीवर येऊन पाठमोरी बसली आणि अंबाबाईला समजूत काढायला लव्याजम्यासह इथे यावे लागले.

ती भेट दरवर्षी होते. नवरात्रात ललिता पंचमीला, म्हणजे आश्विन शुद्ध पंचमीला, अंबाबाईची पालखी टेकडीवर येते. सोबत तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या असतात. छत्रपती घराण्यातील व्यक्तींच्या उपस्थितीत कुमारिकेच्या हस्ते त्रिशूळाने कोहळा फोडला जातो. कोहळा म्हणजे असुर. तो फुटताच तुकड्यासाठी जी झुंबड उडते ती आवरताना पोलिसांची दमछाक होते. भेट झाली की पालख्या परततात. ज्याला निसर्ग पाहायचा आहे त्याने हा दिवस टाळावा; ज्याला कोल्हापूर पाहायचे आहे त्याने टाळू नये.

दुसरी मोठी वर्दळ आषाढात. पंचगंगेला आलेले नवे पाणी कलशात भरून ते देवीला वाहण्याची प्रथा आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तालमींची, मंडळांची आणि गल्लीगल्लीची माणसे पी-ढबाक या वाद्यांच्या तालावर गुलाल उधळत निघतात. डोक्यावर कलश घेतलेल्या मुली पुढे असतात. पाणी मंदिराच्या पायऱ्यांवर ओततात. त्यानंतर मटणाचे वाटे पडतात आणि त्या दिवशी गल्लीत कुणाकडे काय शिजते आहे हे विचारावे लागत नाही. नदी शहराच्या पश्चिमेला आणि टेकडी पूर्वेला, त्यामुळे ही वाट शहर आरपार ओलांडते.

आषाढातल्या या दिवसांत वर वारा इतका असतो की छत्री उलटते. ढग उतरले की खालचे शहर पूर्ण झाकले जाते; अशा वेळी देखाव्याची आशा न धरता नुसते दर्शन घेऊन उतरावे. टेकडीच्या परिसरात प्रादेशिक सेनेची मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न बटालियन आहे, तेव्हा चांगला कोन मिळेल म्हणून दिसेल त्या वाटेने शिरणे बरे नव्हे.