पहिल्या वर्षाचा एक तास मुलांना कॉलेजात टिकवतो का?

मे १९७०. व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेतली कॉलेजं पेटली होती. साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्यार्थ्यांनी अध्यक्ष थॉमस जोन्स यांना त्यांच्याच ऑफिसात कोंडलं. यातून जोन्स यांनी एक बोध घेतला: मुलांना हे विद्यापीठ आपलं वाटत नाही. १९७२ मध्ये त्यांनी 'युनिव्हर्सिटी १०१' हा विषय सुरू केला. नवख्या मुलांचा छोटा गट, एक शिक्षक. अभ्यास कसा करायचा, अडलं तर कोणाकडे जायचं, यावर गप्पा. आज अमेरिकेत असे 'फर्स्ट-इयर सेमिनार' सर्रास दिसतात.

मुलं कॉलेज का सोडतात, यावर समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये जे मांडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. नुसत्या मार्कांवर सगळं ठरत नाही. अभ्यासाशी आणि तिथल्या माणसांशी नाळ जुळली नाही, तर गळती होते.

मग सेमिनारनं ही नाळ जुळते का? इथं मोठी मेख आहे. रोज पहाटे टेकडी चढणारे लोक ठणठणीत दिसतात, पण मुळात धडधाकट माणसंच टेकडीवर येतात. विषय ऐच्छिक असेल तर तो घेणारी मुलं बऱ्याचदा आधीच शिकण्याला सोकावलेली असतात. त्यामुळे ती टिकली, याचं श्रेय सेमिनारला लगेच देता येत नाही.

पर्मझाडियन आणि क्रेडे या संशोधकांनी २०१६ मध्ये असे शेकडो अभ्यास एकत्र तोलून पाहिले. सेमिनार घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांतला फरक मोजायची 'इफेक्ट साइझ' नावाची एक मोजपट्टी असते. तिच्यावर पहिल्या वर्षाच्या गुणांवरचा परिणाम निघाला ०.०२, म्हणजे जवळपास शून्य. दुसऱ्या वर्षाला परत येण्यावरचा ०.११. या मोजपट्टीवर ०.२ लाच 'लहान' म्हणतात. तरीही मला ही तफावत बोलकी वाटते. गुण हलले नाहीत, पण मुलं थोडी जास्त थांबली. म्हणजे फायदा झाला तो बहुधा ओळखीपाळखीचा.

आपल्याकडे एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, इंजिनिअरिंगच्या नवख्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला. हेतू चांगलाच आहे, पण तीन आठवड्यांनंतर त्या मुलाचा हात कोण धरतो?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं तो तीन वर्षं धरून पाहिला. 'असॅप' या कार्यक्रमात सेमिनार होताच. शिवाय ठरलेला सल्लागार, फीमधली तूट भरून देणं, पाठ्यपुस्तकं आणि मेट्रोचा पास. कमी उत्पन्नाच्या घरांतले ८९६ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले, त्यामुळे टेकडीचा घोळ उरला नाही. दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी तीन वर्षांत मिळवणारे नेहमीच्या गटात २२ टक्के, 'असॅप'मध्ये ४०.

मेट्रोचा पास मात्र कार्यक्रमात नियमित भाग घेणाऱ्यालाच मिळायचा. प्रवासखर्च वाचायचा, आणि त्या निमित्तानं मूल सल्लागारासमोर येऊन बसायचं.